जनरलने न दिलेला हुकूम

आमच्या आजोबांना अख्खी वस्ती जनरल म्हणते. ते जनरल नव्हते. बांगलादेशच्या लढाईत ते लान्स नाईक होते, वय वीस, बाहीवर एक फीत. पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाले. पण वस्तीत फौजेचे हुद्दे कोण मोजत बसतं. लढाईत वरचा हवालदार पडला, यांनी माणसं हाताखाली घेतली आणि परत आणली, एवढं लोकांना पुरलं. इथं मारुंजीत एखादा नवा टेम्पोवाला पत्ता विचारायला लागला की पोरं सांगतात, "जनरलच्या घरावरनं सरळ जावा."

जनरल म्हणून लोकांनी त्यांना विहार समितीचे अध्यक्ष केलं. आणि अध्यक्ष म्हणून ते जसं वागत, त्याची मला कितीतरी वर्षं लाज वाटायची. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं सगळं त्या लाजेतून झालं.

त्यांची पद्धत अशी. विहारात सतरंजी पडायची, वंदना व्हायची, विषय निघायचा. मग आबा उठायचे आणि दाराजवळच्या माणसापासून सुरुवात करायचे. समोर उभे राहून एकच शब्द, "हरकत?" माणूस म्हणायचा, "हरकत न्हाई." पुढचा. "हरकत?" "न्हाई, जनरल." अशी चाळीस घरं. जो आला नसेल त्याच्या दारात जाऊन विचारायचं. आणि कुणी "हाय" म्हणालं, तर आबा तिथंच त्याच्यासमोर मांडी घालून बसायचे, ऐकून घ्यायचे, आणि पुन्हा पहिल्या माणसापासून सुरू. पाण्याच्या टाकीला अकरा दिवस लागले. एका म्हातारीची हरकत होती की टाकीची सावली तिच्या कुरडयांवर पडेल. टाकी सरकवली.

"कुरडयांसाठी अकरा दिवस," मी म्हणायचे. "ही कसली लीडरशिप, आबा? जनरल ना तुम्ही?"

"मी कुटं म्हणतो," आबा म्हणायचे आणि पेपर वाचायला लागायचे.

मी कॉलेजला पुण्यात होते तेव्हा एका युवक संघटनेत गेले. तिथं पत्रकं लिहायला शिकले. शिकवणाऱ्या ताईंचे नियम पक्के होते. पत्रकात 'कदाचित' नसतो. पत्रकात प्रश्न विचारायचा नाही, सांगायचं. तीन वाक्यांत राग, चौथ्यात वेळ आणि ठिकाण. मला हे जमलं. माझ्या पत्रकांवर लोक यायचे, घोषणा द्यायचे. मला वाटायचं, मी घाबरत नाही. खरं म्हणजे तोवर माझ्या पत्रकामुळे कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. घाबरायचं कारणच पडलं नव्हतं.

आमची वस्ती मोठ्या रस्त्यापासून आत आहे. बारा फुटांची वाट, एका अंगाला भाड्याच्या खोल्या आणि त्यांच्या वाळत घातलेल्या चादरी, दुसऱ्या अंगाला पूर्वी भातखाचरं होती तिथं आता पत्र्याचं कुंपण आणि त्यामागे टॉवर. मागच्या बाजूला ओढा. म्हणजे ही वाट सोडली तर वस्तीला दुसरी वाट नाही. आई रोज सकाळी याच वाटेनं हिंजवडीत एका कंपनीत साफसफाईला जाते. टँकर याच वाटेनं येतो. कुणी आजारी पडलं तर गाडी याच वाटेनं, कुणी गेलं तरी याच वाटेनं.

एक दिवस साइटवरचा मॅनेजर पेढ्यांचा बॉक्स घेऊन आमच्या ओट्यावर आला. "आबा, वाट तुमचीच राहील. फक्त गेट आमचं. सेफ्टीचा विषय आहे. तुमच्या सगळ्या लोकांना पास देऊ, फोटोसकट." आणि कागद पुढे ठेवला. वर लिहिलं होतं 'ना-हरकत पत्र', खाली 'अध्यक्ष' आणि सहीपुरती रेघ.

आबांनी चष्मा लावून अख्खं वाचलं. "इचारून सांगतो," म्हणाले.

"कुणाला विचारणार? अध्यक्ष तुम्हीच ना?"

"म्हणूनच."

मी आत चहा गाळत होते. स्वतःच्या घरी जायला पास. माझं डोकं फिरलं. मॅनेजर गेल्यावर म्हटलं, "आबा, फाडून टाका तो."

"फाडून काय हुतंय? त्यांच्याकडं झेरॉक्स आसंल की."

त्या संध्याकाळपासून त्यांनी विचारायला सुरुवात केली. चाळीस घरांपैकी अठ्ठावीस झाली. एकूण एकाची हरकत होती. उरलेली बारा घरं सेकंड शिफ्टची, ती माणसं सापडत नव्हती. आबा म्हणाले, सगळी झाल्याबिगर उत्तर द्यायचं न्हाई. मधल्या काळात तिकडून वाटेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खांब उभे राहिले. आबांनी तेवढ्यात एक केलं, वाट कुणाच्या हद्दीत ते ठरावं म्हणून सरकारी मोजणीचा अर्ज लिहिला आणि मंगळवारी सकाळी तो द्यायला पौडला, तालुक्याच्या कचेरीत गेले. साहेब दौऱ्यावर, पोच उद्या भल्या सकाळी त्यांच्या घरी मिळेल असं क्लार्क म्हणाला, म्हणून तिथंच बहिणीकडे राहिले.

मंगळवारीच दुपारी नाक्यावरच्या टपरीत कळलं की उद्या नऊ वाजता मशीन येतंय. वाट आडवी खणणार, गेटचा पाया भरणार. एकदा पाया भरला की मोजणी काय कपाळाची.

मी आबांना फोन लावला.

"येऊ दे मशीन," आबा म्हणाले. "मी सकाळी पोच घिऊन येतो. तवर कुणी आडवं जायाचं न्हाई. अजून बारा घरं इचारायची ऱ्हायलीत."

"आबा, घरं विचारेपर्यंत वाट जाईल."

"कुणी आडवं जायाचं न्हाई," ते पुन्हा म्हणाले, आणि फोन बंद केला. चार्जिंग पुरावं म्हणून ते फोन बोलण्यापुरताच चालू ठेवतात. नंतर मी दोनदा लावला, बंदच.

मग मी पत्रक लिहिलं. माझ्या नावानं लिहून उपयोग नव्हता. वस्तीत मी म्हणजे शिकलेली, लग्न न झालेली, तोंडाळ पोरगी. माझ्या हाकेला मांजरही आलं नसतं. म्हणून वर ठळक अक्षरांत टाकलं, 'जनरलचा हुकूम'. खाली: 'उद्या बुधवार, सकाळी साडेआठ. प्रत्येक घराने वाटेवर यायचे आहे. बायापोरांसह यायचे आहे. घरात राहील तो वस्तीचा नाही.'

शेवटचं वाक्य लिहिल्यावर मला फार आवडलं होतं. झेरॉक्सच्या दुकानात गुलाबी कागदावर प्रती काढताना मी ते दोनदा वाचलं.

संध्याकाळी घरोघर वाटायला निघाले. आधीच्या अनुभवावरून मला वाटलं होतं, लोक पेटतील. दोन घरांपुढच्या आत्याकडे गेले. ती सख्खी नाही, पण आम्ही सगळी तिला आत्याच म्हणतो. तिला वाचता येत नाही. मेथी निवडत बसली होती.

"काय लिव्हलंय?"

वाचून दाखवलं.

"जनरलनं हुकूम काढला?"

"हो, आत्या."

"आपल्या जनरलनं?"

"हो."

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "तीस वर्सं झाली बाय, त्यांनी कधी पाणी पी म्हणून हुकूम केला न्हाई. मग काय तरी लई वंगाळ हुनार आसंल."

हे मला प्रत्येक दारात दिसलं. लोक पेटले नाहीत, लोक घाबरले. ज्या माणसानं कधीच हुकूम दिला नाही त्यानं आज दिला, म्हणजे प्रकरण आपल्याला माहीत आहे त्याहून भयंकर आहे, असा त्यांनी अर्थ लावला. एका घरात नवरा-बायको रेशनकार्ड, आधारकार्ड, जातीचे दाखले पिशवीत भरत होते. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "जनरलला ठाऊक आसंल."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी उरलेली पत्रकं वाटली आणि घरी आले.

आईनं पत्रक वाचलं. "आबा आसं बोलत न्हाईत."

"फोनवर बोलले."

आईनं तिच्या सुपरवायझरला फोन करून सांगितलं की उद्या येत नाही. मला सासऱ्याच्या शब्दाला मान द्यायची तिची ती तऱ्हा बघवेना, म्हणून मी भांडी घासायला घेतली.

सकाळी साडेआठला वाटेवर वस्तीच उतरली होती. मी वीस-पंचवीस पोरं येतील असं धरून चालले होते. आले ते सगळे. काठीवर चालणारे आजोबा, सहा महिन्यांचं लेकरू कडेवर घेतलेली बाई, डायलिसिसला जाणारे एक काका खुर्ची घेऊन. 'घरात राहील तो वस्तीचा नाही.' कोण घरात राहणार?

मशीन नऊच्या आधीच आलं. त्याच्यासोबत काळ्या टी-शर्टातले आठ-दहा जण आणि तो पेढेवाला मॅनेजर. मागून पोलिसांची गाडी. मशीन वाटेच्या तोंडाशी थांबलं, पण बंद केलं नाही. त्याची घरघर पायातून वर यायला लागली.

लोक माझ्याकडे वळले. "जनरल कुटायत?"

"येतायत."

"आता काय करायचं? बसायचं का हुबं ऱ्हायाचं?"

मला माहीत नव्हतं. माझं पत्रक 'वाटेवर या' इथं संपलं होतं, माझी सगळीच पत्रकं इथं संपतात. त्यापुढचं वाक्य मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. घोषणा द्यायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. मी त्या लेकरवाल्या बाईकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, तू जा, तू घरी जा. पण हे मी मोठ्यानं म्हणू शकत नव्हते. म्हटलं असतं तर हुकूम कुणाचा, हे बाहेर आलं असतं.

"चला, बाजूला व्हा," काळ्या टी-शर्टातला एक जण म्हणाला.

"जनरल आल्याबिगर हलणार न्हाई," आत्या म्हणाली. ती सगळ्यांत पुढे होती. मोठी शूर म्हणून नाही. हुकूम होता म्हणून ती पुढे होती.

त्यानं तिला मारलं नाही. नुसतं खांद्याला धरून बाजूला सारलं, आपण दारातलं मांजर सारतो तसं. पण बाजूला खांबासाठी खणलेला चर होता. आत्या त्यात गेली. पडताना तिनं हात टेकला आणि हाताचं हाड मोडल्याचा आवाज मशीन चालू असतानाही मला ऐकू आला. कदाचित आला नसेल. पण मला तो अजून ऐकू येतो.

गोंधळ झाला. बायका ओरडल्या, पोरं पुढे धावली, पोलीस मधे पडले. मशीनवरचा माणूस, तिकडे उत्तरेकडचा कुठला तरी, त्यानं चावी फिरवली आणि खाली उतरून बाजूला उभा राहिला. मॅनेजर त्याच्यावर खेकसला. तो म्हणाला, "मेरे को खोदने का बोला है साब. आदमी के ऊपर नहीं बोला." एवढं बोलून त्यानं तंबाखू मळायला घेतली. दोन पोरांनी आत्याला वर काढलं आणि रिक्षातून दवाखान्यात नेलं.

तेवढ्यात आबा आले. पांढरा शर्ट, काखेत कापडी पिशवी, पिशवीत मोजणीच्या अर्जाची पोच. नाक्यावर सहा आसनी रिक्षातून उतरून चालत आले. कुणी तरी त्यांच्या हातात गुलाबी कागद दिला.

त्यांनी चष्मा काढला, लावला, वाचलं. मी चार पावलांवर होते. लहानपणापासून मी त्यांना एकदाही घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. कागद धरलेला हात खाली आला आणि त्यांनी दुसऱ्या हातानं पत्र्याचं कुंपण धरलं. मला वाटलं, त्यांना झटका आला. मी पुढे गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कुणाला लागलं?"

"आत्याला. हात मोडला."

"आन् कुणाला?"

"कुणाला नाही."

"नीट बघ. आन् कुणाला?"

"नाही, आबा."

मग त्यांनी ते केलं जे ते नेहमी करतात. वाटेच्या कडेच्या पहिल्या माणसापासून सुरुवात केली. फक्त शब्द वेगळा होता. "तू का आलास?"

"तुमचा हुकूम हुता."

"हुकूम न्हाई. ऱ्हायाचं आसंल तर ऱ्हा, जायाचं आसंल तर जा. कुणी कुणाला बोलायचं न्हाई." पुढचा. "तू का आलीस?" "हुकूम हुता, जनरल." "हुकूम न्हाई. ऱ्हायाचं आसंल तर ऱ्हा..."

सगळ्यांना. एकेकाला. पोलीस साहेब घड्याळ बघत होते, मॅनेजर फोनवर होता. काठीवाले आजोबा गेले. लेकरवाली बाई गेली, आणि जाताना रडली, मला वाटतं सुटल्याच्या आनंदानं. खुर्ची उचलली गेली. दर माणसागणिक माझ्या छातीतला एकेक दगड निघत होता आणि तिथंच दुसरा येऊन बसत होता, कारण आता प्रत्येकाला कळत होतं की हुकूम नव्हता. शेवटी उरले एकोणीस. त्यात आई होती. तिला त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी माझ्या मनानं हितं हाय, आबा."

साहेबांनी एका पोलिसाकडून पत्रक घेतलं. "जनरलचा हुकूम. हा जनरल कोण?"

"मी," आबा म्हणाले.

"हुकूम तुम्ही काढला?"

मी तिथंच होते. मला बोलायला पुरेपूर वेळ होता. कुणी माझं तोंड धरलं नव्हतं. मी रेल्वे अडवलेल्या लोकांवर पत्रक लिहिलेलं आहे, तुरुंग म्हणजे कार्यकर्त्याचं सासर असल्या ओळी लिहिलेल्या आहेत. मी खाली बघितलं.

"माज्या नावानं हाय," आबा म्हणाले. "म्हंजे माजाच."

त्यांना गाडीत बसवलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस गाडीच्या मागच्या पायरीवर चढताना एका पोलिसानं हात दिला. मोजणीची पोच साहेबांनी बघितली, मॅनेजरला म्हणाले, "मोजणीचा अर्ज पडलाय, आजच्या दिवस थांबवा." मशीन गेलं. उरलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. आई माझ्याजवळ आली आणि एवढंच म्हणाली, "आता तरी जा."

चौकी दोन किलोमीटरवर आहे. मी चुलत भावाच्या गाडीवर गेले. हिंजवडीच्या बाजूनं कंपन्यांच्या कॅब एकामागे एक अडकलेल्या होत्या, हॉर्न वाजत होते, आणि मी देवाधर्माची नसूनही मनात म्हणत होते की ट्रॅफिक सुटूच नये. आत बाकावर आबा सरळ बसले होते, पिशवी मांडीवर.

मी साहेबांना सांगितलं. पत्रक मी लिहिलं, छापलं, वाटलं. आबांनी फोनवर उलट सांगितलं होतं, कुणी आडवं जायचं नाही म्हणून. आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी दोनदा विचारलं.

"मग मघाशी का नाही बोललात?"

"घाबरले होते."

त्यांनी हवालदाराला सांगितलं, "दोघांची नावं घ्या. दोघांना नोटीस द्या." आणि फोन उचलला. एवढंच. माझी सगळी भीती त्यांच्या एका कामकाजी वाक्यात मावली. पण त्या नोटिशीवर आबांचं नाव आहे आणि ते माझ्यामुळे आहे. फौजेतून डाग न लागता आलेल्या माणसाला मी तो मिळवून दिला.

बाहेर आलो. आबा म्हणाले, चहा पिऊ. टपरीमागं बाकडं होतं. तिथं बसलो. मग बशीकडे बघत सांगायला लागले. आम्हाला लढाई माहीत होती ती लोकांकडून. त्यांच्या तोंडून मी ती पहिल्यांदा ऐकली.

हवालदार पडला. आठ माणसं राहिली. भाताची खाचरं, कमरेइतकं पाणी, माणसं गारठलेली. पुढे बांध दिसला. आबांना वाटलं, बांधावरनं गेलं तर लवकर पोचू. एक पोरगा होता, शेतकऱ्याचा, त्यांच्याच वयाचा. तो म्हणाला, नाईक, ह्यो बांध बरा दिसत न्हाई. माती वरची खाली झालीय, गवत उलटं पडलंय. हा हंगाम बांध घालायचा न्हाई.

"मला राग आला," आबा म्हणाले. "नवी फीत हुती. सगळ्यांसमोर बोलला. मी म्हनलं, हुकूम हाय. तर त्यो म्हनला, हुकूम आसंल तर मीच फुडं हुतो."

चहावर साय धरली होती. त्यांनी ती बोटानं बाजूला केली.

"त्यो गेला. त्याच्या मागचा गेला. खाली सुरुंग हुता. ऱ्हायलेले सहा मी पाण्यातनंच मागं आनले. तेवढं सहा लोकांला ठाऊक हाय. आन् दोन?"

मी विचारलं, "मग लोक जनरल म्हणतात, ते कसं चालतं तुम्हाला?"

"मला कुटं कुनी इचारलं, हरकत हाय का म्हनून," आबा म्हणाले आणि बशी खाली ठेवली.

मला ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. सकाळी कुंपण धरून ते "आन् कुणाला?" का विचारत राहिले ते मला तिथं बाकड्यावर कळलं, आणि मला जी भीती बसली ती अजून गेलेली नाही. कारण हातावर निभावलं हा माझा शहाणपणा नव्हता. मशीनवरच्या माणसानं चावी फिरवली म्हणून निभावलं.

शनिवारी संध्याकाळी विहारात बैठक बसली. ती बारा घरंही आली, शिफ्ट बदलून. मी उभी राहिले आणि सांगितलं. हुकूम खोटा होता. लिहिला मी. साहेबांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले. बसताना सतरंजीवर कुठं बसायचं ते कळेना, कारण दोन्ही बाजूंच्या बायका किंचित सरकल्या होत्या. एक माणूस मागून म्हणाला, "बरं झालं शिकवलं पोरीला. जनरलचं नाव घेऊन आमालाच खड्ड्यात घातलं." कुणीतरी हसलं. आबांनी त्याला गप्प केलं नाही.

मग आबा उठले. विषय असा: मोजणीची तारीख मिळेपर्यंत वस्तीची पत्रकं कुणी लिहायची. हिनं लिहायची का. हरकत?

दारापासून सुरू झालं. पहिल्यानं म्हटलं, हरकत न्हाई. दुसऱ्याची होती. तिसरीची होती. माझ्याबद्दल विचारत माझे आजोबा चाळीस घरांसमोर उभे राहत होते आणि मी ऐकत होते. वाटेवर मशीनसमोर मला जेवढी भीती वाटली होती तेवढीच पुन्हा वाटली. आत्या भिंतीला टेकून बसली होती, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात फडकं बांधलेलं.

"हरकत?"

"हाय," आत्या म्हणाली.

आबा तिच्यासमोर मांडी घालून बसले.

"हिला लिव्हता येतंय, आपल्याला न्हाई. लिव्हू द्या. पर छापायच्या आदी मला वाचून दावायचं. मला पटलं न्हाई तर छापायचं न्हाई."

त्यावर पुन्हा पहिल्या माणसापासून विचारलं गेलं. तास-दीड तास लागला. मी घड्याळ बघितलं नाही.

काल नवीन पत्रक लिहिलं. मोजणीचे लोक पुढच्या आठवड्यात येणार आहेत. खांब अजून उभे आहेत, गेट नाही. रोज कुठं तरी मशीन चालू होतं, इथं सगळीकडे बांधकामंच आहेत, आणि दर वेळी मी दारात येऊन वाटेकडे बघते. मी कागद घेऊन आत्याकडे गेले. तिनं पाय पसरले होते, डाव्या हातानं लसूण सोलायचा प्रयत्न चालला होता. मी लसूण घेतला आणि वाचायला लागले.

पहिली तीन वाक्यं तिला चालली. चौथं असं होतं: 'आम्ही कुणापुढे झुकणार नाही, कुणाला घाबरणार नाही.'

"थांब," आत्या म्हणाली. "हे कोन म्हनतंय?"

"आपण सगळे."

"मी न्हाई म्हनत. मी घाबरतीया. मशीन दिसलं का माजा हात ठणकतुया."

"आत्या, पत्रकात असं लिहीत नाहीत."

"मग तू लिव्ह, तुजं नाव टाक. माजं नाव त्यात घालू नको."

मी पेन काढलं. तिच्यासमोर ते वाक्य खोडलं. "मग काय लिहू?"

आत्यानं विचार केला. बाहेर कुणाची तरी गाडी वाटेनं गेली, ती जाईपर्यंत ती थांबली.

"लिव्ह, मशीन आलं तर आमी बाजूला हू. मशीन गेलं का परत यू. वाट आमचीच हाय."

तिनं सांगितलं तसंच्या तसं मी लिहिलं. तिला पुन्हा वाचून दाखवलं.

"हू न्हाई," ती म्हणाली, "'होऊ' कर. छापायचं हाय ना."